मोटरीला रंग कोणता

पिपरझोडीच्या तलावाचं पाणी दसऱ्यानंतर उतरायला लागतं आणि दिवाळीपर्यंत पलीकडच्या काठाला चांगली रुंद, काळी जमीन उघडी पडते. गाळाची जमीन. बी टाकलं की उगवतं, खताकडे बघावं लागत नाही. गावातली चार घरं दरवर्षी तिथे भाजीपाला लावतात. अडचण एवढीच की जमीन पलीकडे आणि सेलूच्या बाजाराचा रस्ता अलीकडे. बैलगाडीनं तलावाला वळसा घालायचा म्हटलं तर निम्मी सकाळ जाते, आणि तोवर टोपल्यातली वांगी मान टाकतात. म्हणून सगळा माल वच्छलाबाईंच्या डोंग्यातून यायचा. डोंगा त्यांच्या नवऱ्याचा, तो मासे धरायचा. तो गेला त्याला नऊ वर्षं झाली, पण डोंगा अजून धड होता. आणि वल्हं मारायचे बापूराव, कारण चार घरांत कोणालाही नाही म्हणता न येणारा माणूस तेवढा एकच होता.

यंदा दसऱ्याला बापूरावांचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. वर्ध्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि वल्हं बंद सांगितलं. मग चारही घरांची बैठक बसली. तलावाचं पाणी तीन गावं पितात, त्यामुळे डिझेलचं इंजिन लावायची सोय नव्हती. तेव्हा रूपरावांनी बॅटरीवर चालणाऱ्या मोटरीचं काढलं. रूपराव हे गावातले पुढाकाराचे गृहस्थ. काम सुरू झालं की ते सगळ्यांच्या पुढे उभे राहत आणि संपलं की फोटोत मधोमध. त्यांचा भाचा कोकणात एका समुद्रकाठच्या हॉटेलात कामाला होता. ते हॉटेल बंद पडलं, तेव्हा तिथली एक जुनी मोटर भाच्यानं ट्रकवाल्यासोबत पाठवून दिली.

मोटर आली आणि बापूरावांच्या अंगणात उतरली, कारण टिनाचं छप्पर असलेलं मोठं अंगण त्यांचंच होतं. पोत्यातून काढली तेव्हा सगळे वाकून बघायला लागले. कमरेएवढा दांडा, वर हँडलचं डोकं, खाली दुधी भोपळ्याएवढी गोल डबी आणि तिच्या शेपटीला छोटा पंखा. पण समुद्राच्या खारानं त्या डबीची पार दशा करून टाकली होती. भिंतीला लोणा फुटावा तसा पांढरा भुगा सगळीकडून बाहेर आला होता, आणि मूळचा काळा रंग पापुद्र्यापापुद्र्यानं सुटून लोंबत होता. बंडूजींनी बोट लावलं तर बोटाला पापुद्रा चिकटून आला. ते म्हणाले, हे तर सापावानी कात टाकून राह्यलं.

बंडूजी हे तिसऱ्या घराचे धनी. ट्रॅक्टरवाले. मोटरीसाठी बॅटरी त्यांनी दिली होती, म्हणून अर्धी मोटर आपली असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी तिथल्या तिथे तारा जोडल्या, मोटर पाण्याच्या ड्रममध्ये बुडवली आणि हँडल पिरगाळलं. मोटर इतक्या जोरात फिरली की निम्मा ड्रम बंडूजींच्या अंगावर आला. ते ओले चिंब होऊन हसत राहिले. मोटर चांगली होती. फक्त रंगाचं काम होतं.

ते काम आपोआप गोपिकाकडे आलं. गोपिका म्हणजे बापूरावांची बायको. त्यांची मुलगी आचल बुटीबोरीच्या एका कारखान्यात रंगखात्यात होती. दिवसभर लोखंडाच्या पेट्यांवर फवारा मारायचा, ही तिची नोकरी. मुलीला येतं म्हणजे आईलाही येणार, असं बाकीच्या तिघांनी गृहीत धरलं. गोपिकाला कोणी विचारलं नाही, तिनंही हरकत घेतली नाही. खरं सांगायचं तर तिला त्या यंत्राला हात लावायचा होता.

पुढच्या शनिवारी आचल आली. येताना पॉलिश पेपर, चिकटपट्टी आणि प्रायमरचा डबा घेऊन आली. मायलेकींनी पंखा सोडवला, दांड्याच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. पांढरा भुगा काढायला आचलनं कसलंसं औषध सुचवलं, पण गोपिकानं सरळ चिंचेचं पाणी केलं आणि तांब्याची घागर घासावी तशी डबी घासली. भुगा विरघळून वाहू लागला. आचल बघतच राहिली. मग म्हणाली, चालेल, पण आता दोन पाण्यानं धुजो, आंबटपणा राहिला तर रंग धरणार नाही. मग पेपरनं घासणं, थिनरच्या फडक्यानं पुसणं, आणि शेवटी प्रायमर. संध्याकाळच्या बसची वेळ झाली तेव्हा मोटर राखेसारख्या एकसारख्या करड्या रंगाची झाली होती आणि पहिल्यांदा काहीतरी कामाची वस्तू दिसत होती.

निघताना आचलनं बजावलं. रंग जाड एकदम फासायचा नाही. तीन पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा. आणि डबीच्या मागे जस्ताचा जो छोटा गोळा बसवलेला आहे, त्याला रंग लावायचाच नाही. पाण्यात जी झीज व्हायची ती त्या गोळ्याची होते आणि बाकीची मोटर वाचते. त्यासाठी तो उघडाच राहिला पाहिजे.

"म्हंजे घरात एक जन मुकाट झिजते अन् बाकीचे चकचकीत राह्यते," गोपिका म्हणाली.

दोघींनी एकदमच बापूरावांकडे पाहिलं. ते ओसरीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांना काही कळलं नाही.

आता प्रश्न उरला तो रंग कोणता लावायचा याचा. त्याच रात्रीच्या जेवणाआधी चारही घरं अंगणात जमली आणि या प्रश्नावर जी जुंपली ती सांगायला नको. बंडूजींना लाल हवा होता. त्यांचा ट्रॅक्टर लाल, मोटारसायकल लाल, आणि लाल वस्तू जास्त पळते असा त्यांचा अनुभव होता. रूपरावांना काळाच हवा होता, कंपनीत असतो तसा. त्यांनी शेजारच्या दोन गावांत नवी कोरी मोटर आणल्याचं सांगून ठेवलं होतं, ते अर्थात त्यांनी बैठकीत सांगितलं नाही. ते म्हणाले, मालाची शान राहिली पाहिजे. वच्छलाबाईंना पिवळा. त्यांची सत्तरी उलटली होती, चष्म्यातूनही लांबचं सगळं धुरकट दिसायचं, पण पिवळं मात्र दिसायचं. डोंगा कुठे पोचला ते काठावर बसून कळलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तासभर बोलून झाल्यावर प्रत्येकजण आपापल्या रंगावर होता तिथेच होता. बैठक मोडली. गोपिकानं तेवढ्यात तीन वेळा चहा केला, आणि तिन्ही वेळा कप उचलताना कोणी तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूराव विहिरीवर होते, तिथे बंडूजी गेले. शर्टाच्या आत लाल ऑइलपेंटचा डबा. ट्रॅक्टरचा उरलेला होता. त्यांनी तो बापूरावांच्या हातात दिला आणि बाकीच्यांना सांगू नका म्हणाले. बापूराव हो म्हणाले. दुपारी रूपरावांनी काळ्या स्प्रेचा डबा आणून दिला, तेव्हाही बापूराव हो म्हणाले. वच्छलाबाईंनी सेलूहून नातसुनेकरवी पिवळा स्प्रे मागवला होता. त्या डबा द्यायला आल्या तेव्हा तर बापूरावांनी त्यांना बसायला पाटही दिला.

संध्याकाळी गोपिकानं फडताळ उघडलं तर तीन डबे ओळीनं उभे. तिनं नवऱ्याला विचारलं. बापूरावांना खोटं बोलता येत नसे. बोलायचा नुसता विचार केला तरी त्यांचे कान लाल होत. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"तिघायलेही हो म्हनून टाकलं?" गोपिकानं विचारलं.

"आता लोक एवढ्या मनानं सांगून राह्यले, तं नाई कसं म्हनावं?"

गोपिका त्या दिवशी नवऱ्याशी बोलली नाही. भाकरी थापताना ती मनात त्याला बरंच काही म्हणत होती. बत्तीस वर्षं झाली लग्नाला, आणि या माणसानं होकार द्यायचा आणि तो निस्तरायचा तिनं, हे बत्तीस वर्षं चाललं होतं. पण तव्यावरची भाकरी उलटताना तिला आचलचं बोलणं आठवलं. तीन पातळ हात. तिनं पुन्हा एकदा फडताळाकडे पाहिलं. मग भाकरी जरा जास्तच भाजली गेली आणि ती एकटीच हसली.

सोमवारी तिनं लाल रंगाचा हात दिला. ब्रशनं, पातळ, आचलनं सांगितलं होतं तसा. दुपारी बंडूजींना हळूच निरोप पाठवला. ते आले आणि बघून इतके खूश झाले की डोळ्यांत पाणी यायचं राहिलं. त्यांनी मोटरीभोवती दोन चकरा मारल्या आणि खिशातून मोबाइल काढला. फोटो निघाला म्हणजे पाच मिनिटांत गावाच्या ग्रुपवर आणि सहाव्या मिनिटाला रूपराव दारात. गोपिकानं मोबाइलपुढे हात धरला.

"भाऊजी, फोटो नोका काढू. ओल्या रंगावर लाइट पडला की फोड येतात."

बंडूजींनी मोबाइल एकदम मागे घेतला. ते म्हणाले, हे आपल्याला माहीत नव्हतं, ट्रॅक्टरलाही होतं काय असं? गोपिका गंभीरपणे म्हणाली, ट्रॅक्टरचं आपल्याला माहीत नाही, पण कंपनीत रंगखात्यात मोबाइल नेऊच देत नाहीत. हे दुसरं वाक्य खरं होतं, म्हणून पहिलंही खरं वाटलं. बंडूजी दबक्या पावलांनी निघून गेले. जाताना अंगणाच्या फाटकाशी थांबून त्यांनी बापूरावांच्या पाठीवर थाप मारली. बापूरावांचे कान लाल झाले. बंडूजींना वाटलं, माणूस संकोचला.

मंगळवारी पिवळा. इथे मात्र गोपिका चुकली. ब्रशचा ऑइलपेंट वरून वाळल्यासारखा दिसत होता, पण आतून कच्चा होता, आणि त्यावर स्प्रेचा जहाल रंग पडल्यावर तो आतला लाल उकळल्यासारखा वर आला. तापल्या दुधावर साय सुरकुतावी तसा पिवळा रंग जागोजागी आकसला आणि सुरकुत्यांच्या फटींतून लाल दिसायला लागला. गोपिका डोक्याला हात लावून उभी असतानाच मागून चपलांचा आवाज आला. वच्छलाबाई विरजण मागायला आल्या होत्या.

त्यांना लांबचं दिसत नव्हतं, पण जवळचं दिसत होतं. त्या मोटरीपाशी वाकल्या. चष्मा वर केला, खाली केला.

"पिवळ्याच्या खालून लाल काऊन डोकावून राह्यलं वं?"

गोपिकानं सांगितलं की तो प्रायमर आहे, प्रायमर लालच असतो. वच्छलाबाईंनी मान डोलावली. मग अगदी सहज विचारलं, की परवा बंडू आपल्या दारावरून शर्टाखाली डबा घालून विहिरीकडे गेलता, पोट फुगल्यावानी, तो प्रायमरच होता काय. आणि शनिवारी आपण इथे चहा पिताना प्रायमर तर करडा होता, नाही?

गोपिकाला आपले कान गरम झाल्यासारखे वाटले. क्षणभर तिनं आणखी एक थाप शोधून पाहिली, पण सापडली नाही. तेव्हा तिनं वच्छलाबाईंना पाट दिला आणि तिन्ही डब्यांची हकीकत सांगून टाकली. सांगताना ती खाली मान घालून होती. म्हातारी आता रागावणार, डोंगा काढून घेणार, आणि सगळा गाव आपल्या नावानं बोलणार, हे तिला दिसत होतं.

पण वच्छलाबाईंचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या, आवाज न करता, पदर तोंडात धरून. नवरा गेल्यापासून त्यांना कोणी असं हसताना पाहिलं नव्हतं. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, रूपरावचा काळा कधी लावणार?

गोपिका म्हणाली, सुरकुत्या घासून पिवळा पुन्हा द्यावा लागेल, तो उद्या. काळा गुरुवारी.

"गुरुवारी मी येतो तुरीच्या शेंगा घेऊन. रूपराव आला म्हंजे मी इथं बसलेली राह्यली पाह्यजे."

बुधवार घासण्यात गेला. गोपिकानं पेपर ओला करून सुरकुत्या काढल्या, सगळं वाळू दिलं आणि पिवळा पुन्हा मारला. या वेळी तो गुळगुळीत बसला. उन्हात मोटर झेंडूसारखी दिसत होती. गोपिकाला त्यावर काळा मारायचं जिवावर आलं. पण शब्द नवऱ्याचा होता.

गुरुवारी काळा झाला, रूपराव आले, आणि वच्छलाबाई ओसरीत शेंगा घेऊन आधीच बसलेल्या होत्या. त्यांना बघून रूपराव जरा बिचकले. पण वच्छलाबाई म्हणाल्या, आपण विचार बदलला, रूपरावांचंच बरोबर, कंपनीचा माल कंपनीसारखाच दिसावा. रूपराव फुलले. मग वच्छलाबाईंनी शेंगा सोलत सोलत त्यांना हळूहळू वर चढवलं. मोटरीवर कंपनीचं नाव पांढऱ्या अक्षरांत लिहावं की सोनेरी? डाव्या अंगाला की दोन्ही अंगांना? आणि नावाखाली रूपरावांचं नाव नको काय, आणली कोणी हे लोकांना कळायला? रूपराव म्हणाले, नाही नाही, आपल्याला नावाची हौस नाही. आणि थोड्या वेळानं म्हणाले, अगदी बारीक अक्षरांत असलं तर चालेल.

गोपिका हसू आवरेना म्हणून चहाच्या निमित्तानं आत गेली. ती बाहेर आली तेव्हा रूपरावांच्या हातात स्प्रेचा डबा होता आणि जस्ताचा गोळा काळा झालेला होता. ते म्हणाले, एवढी चांगली मोटर आणि मागे हे उघडं टेंगूळ, शोभत नव्हतं.

ते गेल्यावर वच्छलाबाई जायला उठल्या, आणि उठता उठता गुडघ्यावर हात ठेवून थांबल्या.

"तिघायचे तीन झाले. तुया रंग कोनता वं, गोपिका?"

माया कायचा रंग, असं गोपिका म्हणाली. तिच्या घराचा रंग सासऱ्यानं ठरवलेला, कपाटाचा दुकानदारानं, लुगड्यांचा बहुधा सणावारानं. पण वच्छलाबाई हलेनात. तेव्हा गोपिका म्हणाली, वांग्याचा. कोणत्याही वांग्याचा नाही. पहाटे तोडलेलं कोवळं वांगं असतं ना, दंव पुसल्यावर आपलं तोंड दिसतं त्यात, तसा. हे बोलून ती स्वतःच ओशाळली.

वच्छलाबाईंनी थोडा विचार केला आणि सौदा घातला. वांग्याचा तर वांग्याचा, पण दांड्याच्या टोकाला वीतभर पिवळा पट्टा राहिला पाहिजे. गोपिका कबूल झाली. तिनं तिथूनच आचलला फोन लावला.

आचल शनिवारी दुपारी आली. पिशवीत वांगी रंगाचा डबा आणि वरून मारायचा चकाकीचा पारदर्शक लॅकर. तिनं मोटरीवर नख वाजवलं, कान लावला, आणि आईकडे पाहिलं. किती थर आहेत यावर, असं तिनं विचारलं. गोपिकानं बोटं मोजून सांगितलं. आचल आधी हसली, मग तिच्यातली कारखान्यातली बाई जागी झाली आणि ती रागावली. एवढ्या जाडीला रंग उचकटतो. पंख्याच्या मुळाशी रंग साचला तर घासून मोटर तापते. आणि या गोळ्याला कोणी हात लावला?

त्या दोघींनी उरलेली दुपार जस्ताचा गोळा खरवडण्यात आणि चढलेला रंग घासून पातळ करण्यात घालवली. पेपरखाली काळा विरळ झाला, मग पिवळा आला, कुठे कुठे लाल दिसला, आणि एका जागी तिन्ही एकाशेजारी एक. गोपिकाला तो भाग तसाच ठेवावासा वाटला, पण आचलनं ऐकलं नाही. उतरत्या उन्हात वांगी रंगाचे दोन पातळ हात बसले, दांड्याच्या टोकाला वीतभर पिवळा पट्टा सोडून. बापूराव येऊन उभे राहिले. मग त्यांनी आत जाऊन चहा करून आणला, डाव्या हातानं.

रविवारी सकाळी मोटर पोत्यात गुंडाळून तलावावर नेली. वाटेत गोपिका मनाशी थापांची उजळणी करत होती. बंडूजींना सांगायचं की लाल पाण्यात उतरतो. रूपरावांना सांगायचं की काळ्याला ऊन जास्त धरतं. दोन्ही थापा एकेकट्यानं ऐकल्या असत्या तर चालून गेल्या असत्या. पण काठावर दोघंही आधीच उभे होते, खांद्याला खांदा लावून, प्रत्येकजण गालातल्या गालात हसत. बंडूजी ट्रॅक्टरच्या रंगाचा शर्ट घालून आले होते. वच्छलाबाई मात्र डोंग्यात जाऊन बसल्या होत्या, टोपल्यांच्या मधे, जागा धरल्यासारख्या.

आचलनं मोटर डोंग्याच्या मागच्या फळीला कसली, तारा जोडल्या आणि पोतं ओढलं.

तलावावर सकाळचं ऊन होतं. मोटर त्यात ओल्या वांग्यासारखी चमकली. मग बंडूजी बापूरावांकडे वळले आणि रूपरावही वळले, आणि दोघांच्याही तोंडून एकच वाक्य अर्धं बाहेर पडलं, की तुम्ही मला शब्द दिला होता. मग दोघं एकमेकांकडे बघून थांबले.

गोपिका पुढे झाली. आता काहीही बोलायचं, पण नवऱ्याला बोलू द्यायचं नाही. तिनं बापूरावांच्या कानांकडे पाहिलं. कान नेहमीसारखेच होते.

"शब्द देल्ला होता, तो पाळला," बापूराव शांतपणे म्हणाले. "बंडूजी, तुमचा लाल लागला, तुमी डोळ्यानं पाह्यला. रूपराव, तुमचा काळा लागला, तुमीही पाह्यला. आखरीले वर कोनता राहीन, हे कोनी विचारलंच नाई. विचारलं असतं तं सांगतलं असतं."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. गोपिका नवऱ्याकडे बघत राहिली. आपल्याला हा माणूस पुरता ठाऊक आहे, अशा समजुतीत तिनं बत्तीस वर्षं काढली होती.

रूपरावांनी बंडूजींना विचारलं, म्हणजे तुम्ही चोरून लाल नेऊन दिला होता? बंडूजींनी उलट विचारलं, तुम्हीही चोरूनच ना? मग कोण आधी, कोणाचा डबा मोठा, कोणाचा हात खाली आणि कोणाचा वर, यावर दोघांचं जे सुरू झालं त्यात वांगी रंगाची गोष्ट कुठल्या कुठे राहिली. आवाज चढायला लागले तेव्हा वच्छलाबाईंनी डोंग्यातून गोपिकाला खूण केली. गोपिकानं लुगडं खोचलं आणि आत पाय टाकला. बापूराव तिच्या मागून चढले. आचलनं काठावरून डोंगा ढकलला आणि हँडल कसं फिरवायचं ते ओरडून सांगितलं. मोटरीला आवाज नव्हता. डोंगा वीसेक हात पाण्यात गेला तरी त्या दोघांना पत्ता लागला नाही.

गोपिकानं आयुष्यात कधी डोंगा हाकलेला नव्हता. पहिल्यांदा ती डावीकडे वळवायला गेली आणि डोंगा उजवीकडे गेला. मग तिच्या लक्षात आलं की हँडल उलटं चालतं, आणि त्यानंतर ती चुकली नाही. वाटेत एकदा पंख्यात शेवाळ अडकलं आणि मोटर घुरघुरून थांबली. तिनं मोटर वर उचलली, विळ्यानं शेवाळ कापलं, पुन्हा खाली सोडली. पलीकडे जाऊन अकरा टोपली वांगी आणि चार टोपली पालक भरला. परत येताना काठावरून वच्छलाबाईंच्या नातसुनेनं हात हलवला. वच्छलाबाईंनी तो दिसल्यासारखा हात वर केला.

काठावर भांडण संपलं होतं. बंडूजी आणि रूपराव आचलला मधे घेऊन उभे होते. बंडूजी तिला विचारत होते की या रंगाचा एक डबा मिळेल काय, ट्रॅक्टरच्या बॉनेटचा रंग तसाही उडालाच आहे. रूपराव फोनवर कोणाला तरी समजावत होते की काळा आता कंपनीनं बंद केला, नव्या मॉडेलला हाच येतो. दोघांनी मिळून टोपल्या उतरवल्या. त्या दिवशी पिपरझोडीची वांगी सेलूच्या बाजारात सगळ्यांच्या आधी पोचली.

त्यानंतर डोंगा हाकायचं काम गोपिकाकडेच आलं. या वेळीही तिला कोणी विचारलं नाही, पण या वेळी कोणी विचारलं असतं तर तिनं हँडल सोडलं नसतं. बापूराव पुढे बसत, पाण्यात बुडालेली झाडाची खोडं कुठे आहेत ते सांगत, आणि खांद्याला लावलेल्या तेलाचा वास सगळ्या डोंग्याला येई.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी रिकाम्या टोपल्या घेऊन ते दोघंच पलीकडे निघाले होते. तलावाच्या मधोमध आल्यावर गोपिकानं हँडल एका बाजूला दाबून धरलं. डोंगा वळला, वळतच राहिला, आणि पाण्यावर एक मोठं गोल कडं काढून पुन्हा तिथेच आला. बापूरावांनी मागे वळून पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं.

गोपिका म्हणाली, काही नाही, मोटर नीट वळते की नाही ते पाहत होते.

बापूराव पुन्हा पुढे तोंड करून बसले.

"अजून एक डाव पाहून घे," ते म्हणाले.